सप्रेम भेट, एक फोक

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर, चर्चच्या आवारात, चहाच्या टेबलापाशी, सगळ्या मंडळीदेखत मला एक फोक भेट मिळाली. निरगुडीची, दीड हात लांब, पानं खुडून गुळगुळीत केलेली. वर्तमानपत्रात गुंडाळून दोन्ही टोकांना रबर लावलेलं. मला वाटलं, परसातला कढीपत्ता असेल, म्हणून मी हसून "अय्या, कशाला उगीच!" असंही म्हणून बसले. ते हसू मला अजून परत घेता आलेलं नाही.

निमित्त त्याच्या आदल्या रविवारचं. आमच्या चार वर्षांच्या चिरंजीवांनी दानाच्या थैलीत स्वतःच्या हातानं पाच रुपयांचं नाणं टाकलं आणि थैली पुढच्या बाकावर गेल्यावर ते परत मागितलं. थैली थांबेना, तेव्हा ते मधल्या वाटेत आडवे झाले. मी शेजारी गुडघ्यांवर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुला राग आलाय ना? नाणं तुझं होतं." त्यातलं 'नाणं तुझं होतं' एवढंच त्याला ऐकू आलं. त्यानंतरचं सगळं नगरच्या बसस्टँडपर्यंत ऐकू गेलं असावं. पाळकसाहेबांनी अर्पणाची प्रार्थना दोन वाक्यांत आटोपली. खरं तर हे मंडळीनं माझ्या नावावर पुण्य म्हणून जमा धरायला हवं होतं.

फोक देणारे सर. निवृत्त मुख्याध्यापक, चर्चच्या कमिटीत, पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं. शाळेत मुलांना मारायला बंदी घालणारा शिक्षण हक्क कायदा २०१० च्या एप्रिलपासून लागू झाला आणि सर त्याच्या आदल्या वर्षी निवृत्त झाले. हात अगदी वेळेवर सोडवून घेतला म्हणायचा. त्या हाताची उरलेली सेवा आता मंडळीसाठी राखून ठेवलेली आहे.

"सूनबाई, सलाम," सर म्हणाले. "उघडून बघ."

मी उघडून बघितलं. आजूबाजूचे कप बशीवर टेकले.

"नीतिसूत्रे, अध्याय १३, वचन २४," सर म्हणाले. पुढचं सांगायची गरज नव्हती. जो छडी आवरतो तो आपल्या लेकराचा वैरी, हे वचन आमच्याकडे लेकरांना बाराखडीच्या आधी पाठ होतं, बहुधा पाठीवरच.

"सर, ते शलमोनाचं ना?"

"ज्ञानी राजा. त्याच्यासारखा कुणी झाला नाही."

"त्याचा मुलगा रहबाम."

सरांनी ग्लुकोज बिस्किट चहात बुडवलं होतं. ते तिथेच राहिलं. रहबामाची गोष्ट मंडळीत सगळ्यांना माहीत आहे, पण ती मुलं वाढवण्याच्या खात्यात कुणी मांडत नाही. लोक आले, म्हणाले, तुझ्या बापानं जू जड केलं होतं, तू हलकं कर. हा म्हणाला, बापानं तुम्हाला चाबकांनी मारलं, मी विंचवांनी मारीन. बारा वंशांतले दहा उठून चालते झाले. छडीच्या सर्वात मोठ्या तज्ज्ञाच्या घरचा हा निकाल.

बिस्किट तुटून तळाशी गेलं. सरांनी कपात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, जणू मीच ते बुडवलं.

"तो संगतीनं बिघडला," सर म्हणाले. "म्हाताऱ्यांचा सल्ला टाकला आणि बरोबरीच्या टवाळांचं ऐकलं. पहिले राजे, अध्याय १२. नीट वाच." हे खरं आहे, तसंच लिहिलंय, आणि मला या माणसाचा राग येतो तो यासाठीच की त्याला बायबल येतं. "आता तू मला एलीचं सांग. याजक होता. पोरं मंदिरात नको ते करत होती, यानं नुसतं तोंडानं समजावलं. नका रे बाळांनो, असं करू नका. तुझ्यासारखंच. मग काय झालं?"

"आसनावरून मागे पडला."

"मान मोडली. अठ्ठ्याण्णव वर्षांचा होता," आणि इथे सरांनी मी बसले होते ती प्लास्टिकची खुर्ची एकदा खालपासून वरपर्यंत पाहिली, "आणि अंगानं जड होता."

कुणीतरी खोकलं. मी माझ्या हातातला केक बशीत ठेवला. तो उगीच ठेवला असं आता वाटतं, चांगला होता.

मग मी लूकच्या शुभवर्तमानावर गेले. बारा वर्षांचा येशू न सांगता मंदिरात मागे राहिला, आईबाप शोधत फिरले, आणि तीन दिवसांनी सापडल्यावर मरीया काय म्हणाली? बाळा, तू आमच्याशी असं का वागलास? आम्ही किती कष्टी होऊन तुला शोधत होतो! एवढंच. फटका नाही, कान पिळला नाही. जे वाटलं ते सांगितलं आणि घरी घेऊन गेली.

"तो देवाचा पुत्र होता," सर शांतपणे म्हणाले. "हा कुणाचा पुत्र आहे ते मला ठाऊक आहे. सातवी ब, शेवटचं बाक."

सातवी ब शेवटचं बाक त्या वेळी पेटीची खोळ बांधून नुकतंच बाहेर आलं होतं. सरांनी त्याला पाहिलं, माझ्या मांडीवरची फोक उचलली आणि "हिच्याच चुलत बहिणीनं तुला गणित शिकवलं की नाही?" असं विचारलं. आणि माझा नवरा, बेचाळीस वर्षांचा, बँकेत अधिकारी, लोकांची कर्जं मंजूर करणारा माणूस, याचा उजवा हात आपोआप पुढे आला. तळवा वर. त्याला कळलं तेव्हा त्यानं तोच हात बिस्किटांकडे वळवला, पण मंडळीनं बघितलं होतं. "हो सर," तो म्हणाला. "सरांमुळेच घडलो."

घडला असेल. गणितात अजून कच्चा आहे.

हा वाद आपला नाही असं घरी येताना मला वाटत होतं. अमेरिकन मिशन नगरला आलं १८३१ मध्ये. त्यांनी शाळा काढल्या, मुलींना शिकवलं, त्याबद्दल माझ्या पणजीपासून सगळ्या ऋणी. पण त्याच देशात पुढे मुलं वाढवण्यावरून विश्वासणाऱ्यांचीच जुंपली. १९७० मध्ये जेम्स डॉब्सन या मानसशास्त्रज्ञानं पुस्तक लिहून मर्यादेत फटके द्यावेत असं सांगितलं, आणि तिथल्या लाखो ख्रिस्ती घरांनी ते उचलून धरलं. मग विल्यम सिअर्स हे बालरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या पत्नी मार्था आले. तेही भाविक, आठ मुलांचे आईबाप. ते म्हणाले, बाळाला जवळ घेऊन झोपा, कापडानं अंगाशी बांधा, रडलं की उचला. त्याला त्यांनी अटॅचमेंट पेरेंटिंग असं नाव दिलं. माझी आजी पोर झोळीत घालून खुरपायला जायची, तिला कुणी नाव विचारलं नाही. अर्थात तेच पोर पाच वर्षांचं झालं की आजी उलथनं तापत ठेवायची, त्यामुळे तिला नक्की कुठल्या गटात टाकावं हे मला कळलेलं नाही.

सौम्य गटाचा एक लाडका मुद्दा असा की मेंढपाळाची काठी मारायला नसते, वाट दाखवायला असते. तेविसावं स्तोत्र बघा, काठी धीर देते. पुण्यामुंबईच्या फ्लॅटमध्ये हा मुद्दा चालतो. नगर जिल्ह्यात राहून मी तो काढू शकत नाही, कारण इथे मेंढरं रस्त्यानं जाताना सगळ्यांनी बघितलेली आहेत. काठी बऱ्याचदा जमिनीवर आपटते, हे कबूल. बऱ्याचदा.

मला खरी चीड वेगळीच आहे. बायबलात इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौलानं लेकरांना चिरडीस आणू नका म्हणून जे सांगितलं, ते 'बापांनो' म्हणून सांगितलंय. कलस्सैकरांनाही तेच, पुन्हा 'बापांनो'. आयांचं नावही नाही. तरी फोक माझ्या हातात आणि बाप पेटीमागे सुरक्षित. त्याला कुणी एली म्हणालं नाही. आणि याच मुलाच्या बाप्तिस्म्याला पाळकसाहेबांनी विचारलं होतं, या बालकाला प्रभूच्या मार्गात वाढवायला तुम्ही मदत कराल काय? सगळी मंडळी उभी राहून म्हणाली होती, करू. सरांचा आवाज सर्वात मोठा. त्यानंतर उपदेश चालू असताना या बालकाला दहा मिनिटं बाहेर फिरवून आणायला एक माणूस उठलेला नाही. प्रभुभोजन मी कायम एका हातानं घेते, दुसऱ्या हातात त्याची कॉलर असते. मदत आली ती थेट निरगुडीची.

सरांच्या बाईंनी मला फाटकापाशी गाठलं. हळूच म्हणाल्या, "मनावर घेऊ नको गं. ह्यांनी आमच्या पोरांना कध्धी बोट लावलं नाही. शाळेतून दमून यायचे ना. घरचं सगळं मीच मारायचे."

पुढच्या महिन्यात महिला मंडळाच्या सभेत 'ख्रिस्ती संगोपन' या विषयावर मला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. सरांनीच नाव सुचवलं म्हणे, तिचा अभ्यास आहे म्हणून. शिवाय चाळीस जणींचा शिरा माझ्याकडे. मुलाला तेवढा वेळ कोण बघेल, असं विचारलं, तर सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "घेऊन या की त्यालाही! लेकरं असली की कसं भरल्यासारखं वाटतं. फक्त रडणार नाही तेवढं बघा."