चहावर करतात

मे महिन्यात परभणीत माणूस चालू राहतो हेच नवल, कॉम्प्युटरचं काय घेऊन बसलात! आमच्या डेस्कटॉपनं भर दुपारी मान टाकायला सुरुवात केली. आधी पंखा किंचाळायचा, मग स्क्रीन काळी. त्याचं तरी काय चुकलं? प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचला की आधी स्वतःच वेग कमी करतो आणि तरी भागलं नाही तर जीव वाचवायला बंद पडतो. बाहेर पारा ४४, आत धुळीची गोधडी. दुकानात न्यावा तर तिथला पोरगा डबा उघडून आधी डोळे मोठे करतो आणि मग रक्कम सांगतो. म्हणून रविवारी सकाळी तो मीच अंगणात काढला. घरात झाडला तर धूळ घरातच बसणार, एवढं शास्त्र आमच्या हिलाही पटलं.

स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला न घेतला, तोच शेजारच्या भिंतीवरून आधी खराटा दिसला आणि मग अण्णा.

"काय करायलात सर?"

"कॉम्प्युटर साफ करतोय."

"कामून? बिघडला?"

"धूळ बसलीय आत."

"आत कशी बसंल? बंद डबा हाय की."

मी सांगितलं की आतला पंखा बाहेरची हवा ओढतो आणि हवेसोबत धूळही येते. ती धूळ येते कुठून, हे मात्र सांगितलं नाही. अण्णा रोज पहाटे खराट्यानं अंगण झाडतात आणि सगळा लोट आमच्या फाटकाकडं रवाना करतात. पाण्याचा सडा मारत नाहीत. "जरा पाणी शिंपडत जा" म्हणावं, तर नळाला पाणी कधी आलं होतं हा विषय निघतो आणि माझं ऑफिस बुडतं.

अण्णा फाटकातून आत आले, आमचीच प्लॅस्टिकची खुर्ची ओढून आमच्याच लिंबाच्या सावलीत बसले. मग हिला नाइलाजानं विचारावं लागलं, "अण्णा, चहा घेणार का?" अण्णा म्हणाले, "ठेवा अर्धा." आमच्याकडं अर्धा म्हणजे पूर्ण कप, वर आणखी थोडा.

मी मागची वायर काढून ठेवली आणि चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरलं. आत साठून राहिलेली वीज त्यानं निघून जाते. अण्णांनी हे पाहिलं आणि नातवाला हाक मारली, "पप्या, हिकडं ये पळत! सर बिनलाइटीचा काम्प्युटर चालू करायलेत!" पप्या आला. पप्यासोबत पप्याचे मित्रही आले.

बाजूचा पत्रा काढला. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये करड्या धुळीचा थर असा घट्ट बसलेला, की नखानं उचलला तर अख्खा निघावा. त्यात कापसाचे तंतू, आमच्या मांजराचे केस आणि एक वाळलेलं झुरळ. काळ्या मातीचा मुलूख आमचा. पावसात ती चप्पल सोडत नाही आणि उन्हाळ्यात माणसाला. त्यात गल्लीतला रस्ता. पाइपलाइनसाठी खणला, बुजवला. बुजवला म्हणजे माती वर ढकलली. मग केबलसाठी खणला. आता नालीसाठी खणायचा म्हणून डांबर टाकत नाहीत आणि नालीही खणत नाहीत. येणारी-जाणारी प्रत्येक मोटारसायकल ती माती उचलून आमच्या खिडकीत ठेवते. म्हाताऱ्या माणसांचे खोकले वर्षभर जात नाहीत, त्यांना कुठल्या अंगणात नेऊन झाडायचं? असो.

"पंक्चरवाल्याकडं न्या," अण्णा म्हणाले. "टायरची हवा मारली की एका दणक्यात साफ."

तो दणकाच नको असतो. शिवाय त्या कॉम्प्रेसरच्या हवेसोबत पाणी आणि तेलाचा अंश येतो. हे सांगून होईपर्यंत अण्णांनी सुनेचा व्हॅक्यूम क्लीनर मागवलासुद्धा. पप्या तो आणायला सुटला, मी त्याला फाटकात गाठून परत फिरवलं. व्हॅक्यूम क्लीनरच्या प्लॅस्टिकच्या नळीवर स्थिर वीज तयार होते, कोरड्या हवेत तर जास्तच, आणि एवढीशी ठिणगी मदरबोर्डाला पुरते. म्हणून तर मी अधूनमधून डब्याच्या पत्र्याला हात लावत होतो. अण्णा पप्याला म्हणाले, "पाया पडायलेत."

मी मऊ ब्रश आणि छोटा ब्लोअर घेतला. पंखा बोटानं धरून दुरूनच थोडी थोडी हवा मारली. पंखा मोकळा सोडला तर भन्नाट फिरून बेअरिंगची वाट लागते. अण्णांना तो फिरताना बघायचा होता. "सोडा की वो, पोरं बघत्यात!" मी सोडला नाही. पोरं नाराज झाली आणि अण्णा पोरांच्या वतीनं.

"आन् ह्यो डबा?" त्यांनी पॉवर सप्लायवर खराट्याचा दांडा टेकवला. "ह्यो बी खोला की. अर्धवट काम कशाला?"

"अण्णा, त्याच्या आत वायर काढल्यावरही वीज शिल्लक राहते. तो उघडायचा नसतो. बाहेरूनच झाडायचा."

"मी पाटबंधाऱ्यात पंपावर व्हतो. तीन फेजच्या मोटारी ह्या हातानं खोलल्या." तो हात त्यांनी पोरांना दाखवला. पोरांनी तो नीट पाहिला. मग सगळ्यांनी मिळून माझ्याकडं पाहिलं.

एव्हाना फाटकाशी बरीच गर्दी जमली होती. समोरच्या मावशी भाजीची पिशवी घेऊन थांबल्या आणि थेट अण्णांना विचारलं, मला नाही:

"ह्ये साफ करून देत्यात का? आमच्या कूलरमध्ये लई माती बसलीय."

"देत्यात की."

"घेत्यात किती?"

मी तोंड उघडलं. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, खाजगी का होईना पण नोकरी करतो, गल्लीतल्या अर्ध्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म फुकट भरून देतो. अण्णांनी कपातला शेवटचा घोट घेतला, कप माझ्या स्क्रू ड्रायव्हरशेजारी ठेवला आणि म्हणाले,

"पैसे नाई वो घेत. चहावर करत्यात."

चहा आमचा, दूध आमचं, साखर आमची, प्यायले अण्णा.

दुपारी डेस्कटॉप मुकाट्यानं चालला, पंख्याचा आवाजसुद्धा नाही. संध्याकाळी मावशींच्या दोन मुलांनी कूलर उचलून आणला. तो अंगणात नेमका कुठं ठेवायचा, ते अण्णा भिंतीवरून सांगत होते.