चतकोर विमान

माझ्याकडे विमान आहे, असं मी कुणाला सांगत नाही. लोकच सांगतात. लग्नात, बारशात, अगदी मार्केट यार्डात सौदा चालू असताना कुणीतरी ओळख करून देतं, "हे आमचे शेठ. यांचं विमान आहे." समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग चपलांकडे. म्हणून मी लगेच खुलासा करतो की सबंध नाही, चतकोर आहे. भाकरीसारखं. चौघांत मिळून एक विमान, आणि त्याला सीट दोन.

चौघे म्हणजे मी हळदीचा अडत्या, तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार (त्यांना सगळे बापू म्हणतात), एक दातांचे डॉक्टर आणि माझा मेहुणा. मेहुण्याचा व्यवसाय काय, हे त्याच्या सख्ख्या बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, अजून नीट सांगता येत नाही. पण विमानाची कल्पना त्याचीच. "दाजी, चौघांत काय पडतं हो?" असं तो म्हणाला होता. काय पडतं ते आता मला पाठ आहे.

विमान सेसना १५२. हे मॉडेल १९७७ साली निघालं आणि १९८५ साली बंद झालं. म्हणजे ज्या वयात माणसाला सांधे बदलायचे सल्ले मिळू लागतात, त्या वयाचं विमान आम्ही लग्नाच्या नवरीसारखं घरी आणलं. इंजिन ११० अश्वशक्तीचं. बापूंनी ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे आपले दोन ट्रॅक्टर." मग शेपटीजवळचा नंबर वाचला. "व्हीटी? हे मुंबईचं पार्सिंग दिसतंय. आपलं एमएच १० करून घेऊया की." भारतात नोंदलेल्या प्रत्येक नागरी विमानाच्या नंबराची सुरुवात व्हीटीनंच होते, ही इंग्रजांच्या काळापासूनची पद्धत आहे, त्याचा बोरीबंदरशी संबंध नाही, हे त्यांना पटायला दोन महिने लागले. अजूनही पूर्ण पटलंय असं वाटत नाही.

आता मूळ दुखणं सांगतो. मी जन्मभर माल साठवण्याचा धंदा केला. सांगलीजवळच्या आमच्या हरिपूरची पेवं प्रसिद्ध. जमिनीखाली रांजणासारखा खड्डा, त्यात हळद भरायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं आणि विसरून जायचं. पुरांनी त्यातली बरीच पेवं घालवली, पण माझ्या आजोबांनी पेवात टाकलेली हळद वर्षानुवर्षं जशीच्या तशी निघायची. साठवण म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे हेच येतं. माल ठेवा, भाव येईल तेव्हा काढा, तोवर निवांत झोपा.

विमान पेवात घालता येत नाही. याच्या इंजिनात कॅमशाफ्ट नावाचा एक दांडा असतो, आणि तो बसवलाय क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या, वरच्या अंगाला. इंजिन फिरत असताना तेल उडतं ते त्याला लागतं. इंजिन बंद झालं की तेल हळूहळू खाली निथळतं आणि दांडा कोरडा पडतो. तो कोरडा पडला की हवेतला ओलावा त्याला धरतो. मग गंज, गंजाचे खड्डे, आणि पुढे त्या खड्ड्यांतून निघालेला लोखंडाचा भुगा सगळ्या इंजिनभर. म्हणजे उडवलं तर खर्च, नाही उडवलं तर गंज. विहीर सामायिक असली तर निदान पाळी चुकली म्हणून विहीर आटत नाही हो.

त्यात इंजिनाचं आयुष्य कंपनीनं लिहून दिलेलं. २४०० तास किंवा १२ वर्षं, जे आधी होईल ते, मग सगळं खोलून नवं करायचं. आमचं उडणं वर्षाकाठी चाळीस तास. या हिशेबानं २४०० तास भरायला साठ वर्षं लागतील. बारा वर्षांत आम्ही वापरणार ४८०, उरलेले १९२० तास पैसे मोजूनही वाया. हा हिशेब मी एका रात्री बिलाच्या पाठीवर केला आणि पाणी प्यायला उठलो.

गंजावर पहिला तोडगा बापूंनी काढला. "रोज सकाळी माणूस पाठवू. पाच मिनटं स्टार्ट करंल, बंद करंल. ट्रॅक्टरचं आम्ही हेच करतो." हे ऐकून आमच्या एएमई साहेबांनी हातातला पाना खाली ठेवला. एएमई म्हणजे विमान दुरुस्तीचा सरकारी परवाना असलेला माणूस. त्याची सही असेपर्यंत ते विमान, सही नसेल तर ती अंगणातली अडगळ. ते म्हणाले, "बापू, जमिनीवर पाच मिनिटं चालवून तेल पुरतं तापत नाही. जळणातून तयार झालेलं पाणी वाफ होऊन बाहेर जायच्या ऐवजी तेलातच बसतं. त्यापेक्षा हात न लावलेला बरा. लावायचाच असेल तर वर नेऊन चांगला अर्धा-पाऊण तास उडवून आणा." बापू विचारात पडले. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच ट्रॅक्टरचा संशय आला होता.

तर उडवायचं. पण विमान आहे कराडला. सांगलीजवळ कवलापूरला जुनी धावपट्टी आहे, तिचा विमानतळ होणार हे मी विजार घालायला लागल्यापासून ऐकतोय. कराडची धावपट्टी कोयना धरणाच्या कामासाठी पन्नासच्या दशकात बांधलेली, ती अजून कामाला येते. म्हणून आकाशात अर्धा तास घालवायला आम्ही जमिनीवर येऊन-जाऊन तीन तास घालवतो. पेठ नाक्यावर चहा होतो. तिथला चहावाला दर वेळी विचारतो, "आज उडणार काय?" आम्ही म्हणतो, "बघू."

बघू, कारण निघण्याआधी फ्लाइट प्लॅन भरायचा, हवाई संरक्षणाचा एडीसी नंबर घ्यायचा, उड्डाणांची माहिती ठेवणाऱ्या केंद्राचा एफआयसी नंबर घ्यायचा, हवामान बघायचं. "म्हंजे माझ्याच बागंवरनं जायला हवाई दलाला सांगायचं?" असं बापू एकदा म्हणाले होते. होय, सांगायचं. पावसाळ्याचे चार महिने तर प्रश्नच नाही, ढग सह्याद्रीवरून उतरून डोक्याला लागतात. म्हणजे हवेत ओलावा सगळ्यात जास्त, तेव्हाच विमान जाग्यावर.

इंधनाचं वेगळंच. जेट विमानांना लागतं ते रॉकेलाच्या जातीचं, मोठ्या विमानतळांवर हवं तेवढं मिळतं. आमच्याला लागतं एव्हगॅस, पेट्रोलच्या जातीचं, निळ्या रंगाचं आणि शिसं घातलेलं. ते मिळतं मोजक्या ठिकाणी. २०२२ पर्यंत तर सगळं परदेशातूनच यायचं. पिंप आणायचं म्हणजे लग्नाचा बस्ता काढण्यापेक्षा जास्त फोन. आणि त्यातलं शिसं जाऊन बसतं प्लगांत. चार सिलिंडर, प्रत्येकाला दोन, असे आठ प्लग. त्यांच्या खोबणीत शिशाचे बारीक मणी तयार होतात. इथं मात्र आमच्या डॉक्टरांचं सोनं झालं. एएमई साहेबांच्या नजरेखाली, डोळ्याला भिंग लावून, दात कोरायच्या आकड्यानं ते एकेक मणी असा अलगद काढतात की बघत राहावं. पहिल्या दिवशी सवयीनं प्लगला म्हणाले, "दुखलं तर हात वर करा."

एकदा मात्र माझ्या पोटात गोळा आला होता. धावपट्टीवर वेग घेतोय, इंजिनाचा आवाज नीट, चाकं हलकी व्हायला लागलीत, आणि वेगाची सुई शून्यावर. हलेचना. मी थ्रॉटलचा दांडा मागे ओढून इंजिनाचा जोर काढला, ब्रेक लावले, परत आलो. डाव्या पंखाखाली पिटो नावाची बोटाएवढी नळी असते. समोरून येणारी हवा तिच्यात शिरते, त्या दाबावर वेग कळतो. त्या नळीला झाकण असतं, त्याला लांब लाल फीत असते आणि त्यावर उडण्यापूर्वी काढा असं लिहिलेलं असतं. आदल्या खेपेला मेहुण्यानं ते काढलं होतं आणि आठवणीनं घरी नेलं होतं. एएमई साहेब वाकले, नळीत डोकावले आणि सरळ झाले. "बाई राहायला आल्यात." कुंभारीण माशीनं आत मातीचं घर बांधलं होतं, दार लिंपून, गिलावा करून, अगदी पेवाच्या तोंडासारखं. चार-पाच दिवसांत. सांगलीत मला गच्चीवर एक खोली बांधायला दीड वर्ष लागलं.

यावर डॉक्टर म्हणाले, आता अपग्रेड करू. डॉक्टरांना गोल डायलचा तिटकारा आहे, त्यांना सगळं स्क्रीनवर हवं. स्क्रीनचा आणि माशीचा संबंध काय, असं मी विचारलं. कारण स्क्रीनलासुद्धा हवा त्याच नळीतून लागते. पण मेहुणा तोवर त्यांना सामील झाला होता. विमानात एखादी वस्तू आवडली म्हणून बसवता येत नाही. ती याच मॉडेलला चालते याचं मान्यतापत्र लागतं, बसवणाराची सही लागते, त्या सहीवर दुसरी सही लागते. कागदांची फाईल आली ती स्क्रीनपेक्षा जड होती. पॅनेल उघडलं तर आत चाळीस वर्षांच्या वायरी. कुठलाही जुना वाडा आठवा. प्रत्येक मालकानं नवं बसवताना जुनं तसंच ठेवलेलं, दोन वायरी तर कुठूनच येत नव्हत्या आणि कुठंच जात नव्हत्या.

आणि बदल केला की विमानाचं वजन पुन्हा करायचं. हे मात्र माझं क्षेत्र. तिन्ही चाकांखाली काटे लागले आणि मी सवयीनं विचारलं, "बारदानाचं किती धरायचं?" आमचं रिकामं विमान आधी ५१० किलो होतं. हे मॉडेल सगळं मिळून ७५७ किलोच्या वर उचलायचं नाही. टाक्या भरल्या की सत्तर किलो इंधन. उरले १७७. बापू १०८ किलो आणि मी ७१. बेरीज १७९. दोन किलोपायी आम्ही दोघं भरल्या टाकीनं कधी बरोबर उडू शकलो नव्हतो. बापूंनी एकदा चपला काढून, मोबाईल खाली ठेवून बघितलं. मी म्हणालो, "बापू, मापात पाप नको." नव्या स्क्रीनमुळे जुना व्हॅक्यूम पंप, त्याच्या नळ्या आणि जड घड्याळं निघाली, आणि काटा ५०७ वर थांबला. तीन किलो कमी! बाजारात मी तीन किलोसाठी कधी मान वर करत नाही, त्या दिवशी पेढे वाटले. किती लाखांना ते तीन किलो पडले, हे घरी अजून सांगितलेलं नाही. नंतर दिवाळी आली आणि बापूंनी चार किलो भरून काढले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीची पूजा असते. बायकोनं नाकाडावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, पंख्याला झेंडूची माळ घातली, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. नारळ इंजिनाच्या पुढ्यात फोडणार, तेवढ्यात एएमई साहेब धावत आले. "वहिनी, त्या बाजूला, लांब! तुकडा उडून पंख्याला लागला तर टवका जाईल." तिनं नारळ लांब नेऊन फोडला, पण पूजा लागली नाही असं तिचं आजही मत आहे. त्यानंतर जे जे बिघडलं त्याचं कारण तिला माहीत असतं.

यंदा पाऊस लांबला. विमान साडेचार महिने जाग्यावर. वर्षाची तपासणी आली, तिच्याशिवाय परवाना पुढं सरकत नाही. तेलाचा फिल्टर काढून एएमई साहेबांनी तो कापला, आतला घड्या घातलेला कागद सोडवला आणि टेबलावर पांढऱ्या फडक्यावर पसरला. आम्ही चौघं भोवती. बापू टोपी काढून उभे. आयसीयूच्या दाराशी उभे राहतात तसे. हळदीचा नमुना मी नखानं दाबून बघतो, तसा माझा हात पुढे गेला, तो त्यांनी बाजूला केला. एका घडीत काळा कण दिसला. कुणी बोलेना. साहेबांनी चुंबक जवळ नेला. कण हलला नाही. पुन्हा नेला. नाही हलला.

"कार्बन आहे," ते म्हणाले. "लोखंड नाही."

डॉक्टरांनी श्वास सोडला. मेहुण्यानं मला मिठी मारली, ती मारायचं कारण त्याच्याकडे माझ्याएवढंच होतं. बाहेर बघतो तर पत्र्यावर टपटप सुरू झालेली. सदाशिवगड ढगात गेला होता.

"आज काय उडणं नाही," साहेब म्हणाले.

बापूंनी टोपी घातली, पंख्यावरून एकदा हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "मग नुसतं पाच मिनटं स्टार्ट..."

"नको!" आम्ही चौघंही एका सुरात ओरडलो, आणि बापू पावसात गाडीकडे चालू लागले.