पंखा रेकॉर्डरमध्ये नाही, खोलीत आहे

सप्रेम नमस्कार,

घरगुती स्टुडिओत मल्टिट्रॅक रेकॉर्डर कसा जुळवावा, या माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत : पातळी उणे १२ डेसिबलपर्यंतच ठेवल्यामुळे तबला बारीक आला आणि नंतर आवाज वाढवताच पंख्याची घरघर वर आली, डग्ग्याचा घुमार नाहीसा झाला, आणि २४ बिटमुळे (म्हणजे आवाजाचे प्रत्येक मोजमाप २४ बिटांत लिहिल्यामुळे) मेमरी कार्ड निष्कारण भरले. यांतला दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, म्हणून आधी तोच घेतो.

सगळ्या माइकना ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा खर्ज कापणारी गाळणी) लावावा, असे मी सरसकट लिहिले होते, ते चुकले. माझ्या खिडकीपासून रेल्वेचे रूळ हाकेच्या अंतरावर आहेत, लोकल गेली की स्टँडमधून माइकपर्यंत थरथर चढते, आणि मी बहुतेक वेळा गळा व पेटीच रेकॉर्ड करतो. त्या सवयीचा मी नियम करून टाकला. डग्ग्याचा घुमार नेमका त्याच पट्ट्याच्या आसपास असतो, आणि रेकॉर्ड होतानाच कापलेला खर्ज मिक्सिंगमध्ये परत मिळत नाही. डग्ग्याच्या माइकचा लो-कट बंद ठेवावा. लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

पातळीबाबत मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. ‘भरून रेकॉर्ड करा’ हा टेपच्या काळातला सल्ला तेव्हा योग्यच होता, कारण टेपला स्वतःची खरखर असे आणि पातळी थोडी ओलांडली तरी टेप ते बऱ्यापैकी सांभाळून घेई. डिजिटलमध्ये शून्य डेसिबल ही कमाल पातळी, तिच्या वर काहीच नसते. तिथे लाटेचा माथा सपाट कापला जातो. साउंड चेकला हात राखून वाजवणारा तबलजी द्रुत लयीत शिरला की चाटीवरचा (तबल्याच्या कडेवरचा) ‘ना’ किती उसळतो, हे आपल्याला मी सांगायला नको. त्या उसळीसाठी १२ डेसिबल मोकळे ठेवायचे. एका बिटमागे सुमारे ६ डेसिबल धरले, तर यात २४ पैकी फक्त दोन बिट खर्ची पडतात.

मग घरघर आली कुठून? ढोबळ चाचणी करून पाहा. गेन (रेकॉर्डर माइकचा आवाज किती वाढवून घेतो ते प्रमाण) न बदलता, रेकॉर्डरकडून माइकला जाणारा ४८ व्होल्टचा पुरवठा बंद करून माइकची केबल काढा आणि एक मिनिट रेकॉर्ड करा; मग माइक जोडून, कोणी काही न वाजवता, आणखी एक मिनिट. दोन्ही ट्रॅक १२ डेसिबलने वाढवून ऐका. माझ्याकडे पहिल्यात पुसटशी सळसळ होती. दुसऱ्यात पंखा, वरच्या मजल्यावरचा नळ आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक स्पष्ट ऐकू आली. (ते घड्याळ आता स्वयंपाकघरात असते.) तबला आणि पंखा यांच्यातले अंतर माइकपाशीच ठरून जाते; गेन कमी ठेवा की जास्त, दोघे बरोबरच वर-खाली होतात. ते अंतर वाढवायचे तर माइक जवळ न्यावा लागतो. दोन फुटांवरचा माइक एक फुटावर आणला, तर वाद्याचा थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि पंखा जवळजवळ होता तेवढाच राहतो. गेन तेवढा खाली घेतला की फरक लगेच कळेल. पंखा बंद ठेवणे सर्वांत उत्तम, पण मुंबईच्या मे महिन्यात तसे सुचवण्याचे धाडस मी पाच मिनिटांच्या टेकपुरतेच करीन.

राहिला कार्डाचा हिशेब. ४८ किलोहर्ट्झवर २४ बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६४ एमबी जागा घेतो, म्हणजे आठ ट्रॅकना तासाला साधारण ४.१५ जीबी लागतात. १६ बिटच्या दीडपट जागा लागते हे खरे, पण ३२ जीबीच्या कार्डावर आठ ट्रॅकचे सात तास सहज मावतात. कार्ड संगणकात फॉरमॅट न करता रेकॉर्डरमध्येच करावे, आणि तेही आधीचे रेकॉर्डिंग दुसरीकडे उतरवून घेतल्यावरच.