डॅशकॅमची वायर पिळून जोडू नका

आज सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या काकांची गाडी सुरूच होईना. बॅटरी पार उतरलेली. नुकताच बाहेरून डॅशकॅम (समोरच्या काचेवरचा रेकॉर्डिंग कॅमेरा) बसवून घेतलाय म्हणाले, म्हणून फ्यूज बॉक्सचं झाकण उघडून पाहिलं आणि डोकंच फिरलं. हार्डवायर किटची (कॅमेरा थेट गाडीच्या विजेला जोडायचा वायरींचा संच) लाल आणि पिवळी, दोन्ही वायरी एकत्र पिळून सेंट्रल लॉकिंगच्या वायरला जोडलेल्या. मूळ वायरचं आवरण ब्लेडनं सोललेलं, वरून काळी टेप, आणि मधे फ्यूज नाही!

किटमध्ये तीन वायरी उगाच देत नाहीत. एक कायम चालू असलेल्या १२ व्होल्टची, दुसरी चावी फिरवल्यावर चालू होणारी, तिसरी काळी, अर्थची. (पहिल्या दोघींचे रंग कंपनीगणिक बदलतात, सोबतचा कागद वाचा.) पहिल्या दोन्ही एकाच ठिकाणी जोडल्या की कॅमेऱ्याला वाटतं गाडी चालूच आहे. तो पार्किंग मोडमध्ये (गाडी उभी असताना कमी वीज घेणाऱ्या अवस्थेत) जातच नाही, रात्रभर पूर्ण रेकॉर्डिंग करत बसतो. काकांच्या गाडीत नेमकं हेच झालं.

बॅटरी उतरली तर जंपर लावून गाडी निघते हो. मला राग आहे तो त्या न बसवलेल्या फ्यूजचा. लॉकिंगच्या लाइनला फ्यूज असतो २० अँपियरचा किंवा आसपासचा. कॅमेऱ्याची वायर दोऱ्यासारखी बारीक. ती कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर मोठा फ्यूज उडण्याआधी वायरच तापून वितळते. आणि ती जाते कुठून, तर डॅशबोर्डच्या आतून, फोम आणि प्लास्टिकच्या मधून. दहा मिनिटं वाचवायला लोकांच्या गाडीत आग लागण्याची सोय करून ठेवायची?

यावर उपाय आहे फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजच्या जागी बसणारा, दोन फ्यूजच्या खाचा आणि एक वायर असलेला छोटा जोड. किंमत किरकोळ, मूळ वायर कुठेही कापावी लागत नाही. मिनी, लो प्रोफाइल मिनी, मायक्रो २ असे आकार असतात, आपल्या गाडीतला एक फ्यूज काढून जुळवूनच घ्या. खालच्या खाचेत गाडीचा मूळ फ्यूज, वरच्या खाचेत कॅमेऱ्यासाठी २ किंवा ३ अँपियरचा. टॅपचे दोन पाय सारखे नसतात, हे फार कुणी सांगत नाही. दोन्ही फ्यूज काढून मल्टिमीटरच्या बीपवर (जोडणी असली की मीटर वाजतो) तपासा: जो पाय दोन्ही खाचांना जोडलेला आहे, तो बॅटरीकडच्या बाजूला गेला पाहिजे. उलटा बसवला तरी कॅमेरा चालतो, पण त्याचाही करंट मूळ फ्यूजमधून जातो.

चावीवरच्या वायरीसाठी चार्जिंग सॉकेटचा फ्यूज उत्तम, मात्र चावी काढल्यावर तो खरंच बंद होतो का ते बघा. कायम चालू वायरीसाठी आतल्या दिव्याचा. काही गाड्यांत लॉक केल्यावर थोड्या वेळानं तोही बंद होतो, म्हणून गाडी लॉक करून पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. एअरबॅग, एबीएस (ब्रेकची यंत्रणा), स्टिअरिंग आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) यांच्या फ्यूजना हात लावायचा नाही, म्हणजे नाही. काळी वायर बॉडीला थेट बसलेल्या बोल्टखाली, रंग नसलेल्या पत्र्यावर. अर्थ सैल असला की कॅमेरा मधेच बंद-चालू होत राहतो आणि लोक बिचाऱ्या कॅमेऱ्याला दोष देतात.

नीट काम करणारे कारागीर आहेत, मान्य. मल्टिमीटर कधी हातात धरला नसेल तर त्यांच्याकडूनच करून घ्या, पण समोर उभं राहून.

काकांच्या किटवर कटऑफ (बॅटरी इतकी उतरली की कॅमेरा बंद करायची मर्यादा) ११.६ व्होल्टला ठेवलेला होता. बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२.६ च्या आसपास दाखवते. ११.६ म्हणजे ती जवळजवळ रिकामी, मग कटऑफ काय कामाचा? १२.२ ठेवा, बॅटरी जुनी असेल तर १२.४. साधा हिशेब करा: पार्किंग मोडमध्ये कॅमेरा ०.३ अँपियर घेत असेल तर १२ तासांत ३.६ अँपियर-अवर जातात. छोट्या गाडीच्या ३५ अँपियर-अवरच्या बॅटरीला एक रात्र चालते. तीन दिवस गाडी हलली नाही तर २१ च्या वर गेले. गावाला जाताना पार्किंग मोड बंदच करा.

काका रागावलेही नाहीत, उलट मलाच चहा विचारत होते. अशा साध्या माणसांच्या गाडीत असं काम करवतं तरी कसं?

ए-पिलरबद्दल (समोरच्या काचेच्या बाजूचा खांब, कॅमेऱ्याची वायर तिथूनच खाली येते) मात्र कळकळीनं सांगतो. ट्रिमवर (खांबावरच्या प्लास्टिकच्या आवरणावर) एअरबॅग लिहिलेलं असेल तर आत कर्टन एअरबॅग (बाजूच्या काचांवर पडद्यासारखी उघडणारी) आहे. कॅमेऱ्याची वायर तिच्या पुढून किंवा वरून न्यायची नाही, मागून, गाडीच्या मूळ वायरिंगला धरून न्यायची आणि टाय त्या वायरिंगलाच बांधायचा. एअरबॅगला काहीही बांधायचं नाही. ट्रिम काढायच्या आधी बॅटरीचं मायनस टर्मिनल दहा नंबरच्या पान्यानं सोडवून थोडा वेळ थांबा. चिकटटेपऐवजी कापडी हार्नेस टेप वापरा, आपल्या उन्हात काळ्या टेपचा गोंद पातळ होऊन ती सुटते.

कुणाला स्वतः करायचं असेल तर गाडीचं मॉडेल आणि साल लिहा, फ्यूज बॉक्सच्या झाकणामागच्या आकृतीचा फोटो टाका. कुठला फ्यूज घ्यायचा ते बघून सांगतो.