बोरिकचा तांदूळ धुवायचा नाही आणि घेवडा कच्चा खायचा? कोणत्या आजीने सांगितलं?

भाची हिंजवडीत नोकरीला लागली आणि तिघी मुलींनी मिळून फ्लॅट घेतला. माझ्या धाकट्या बहिणीने साताऱ्याहून डबे भरून दिले: तांदूळ, तूरडाळ, मूग, मटकी, वाघ्या घेवडा, बाजरी, कुरडया, मेतकूट. घरच्या साठवणीवर पोरगी स्वयंपाक शिकेल, बाहेरचं खाणं कमी होईल, एवढाच साधा हेतू. पण शिकवायला आई नव्हती, मी नव्हते. शिकवलं व्हॉट्सअॅपने. ‘साठवणीच्या डब्यातून आरोग्य : आजीचे 9 नियम’ नावाचा फॉरवर्ड, खाली हात जोडलेले, वर ‘10 जणांना पाठवा’. तो मलाही आमच्या ग्रुपवर दोनदा आला होता आणि मी न वाचता सोडून दिला होता. मागच्या रविवारी रात्री फोन आला, “मावशी, उलट्या थांबत नाहीयेत.” मग वाचला.

सगळे 9 नियम धुंडाळत बसत नाही. जो तिच्या पोटात गेला, त्यापासून सुरू करते.

नियम असा : ‘राजमा, घेवडा रात्रभर भिजवून मोड आणा आणि कच्चाच चाट करून खा. कुकरात प्रथिनं जळतात. शिजवायचाच असेल तर उकळी न येऊ देता मंद आचेवर ठेवा.’

एका नियमात तीन चुका, आणि तिन्ही एकाच दिशेने नेणाऱ्या. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष निसर्गतःच असतं. कीटकनाशकाचं नाही, भेसळीचं नाही, दाण्याचं स्वतःचं. आपला वाघ्या घेवडा हा राजम्याचाच भाऊ, त्यामुळे ‘आमचा गावरान आहे’ ही सबब चालत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचं अन्नातल्या विषांवरचं एक हस्तपुस्तक आहे, त्यात हे स्वच्छ लिहिलंय : लाल राजम्याचे 4-5 कच्चे दाणेही त्रास द्यायला पुरतात. 1 ते 3 तासांत मळमळ, जोराच्या उलट्या, मग जुलाब. भाचीने वाटीभर खाल्ला होता, दोन तासांत सुरू झालं. त्याच पुस्तकाप्रमाणे माणूस बहुधा काही तासांत सावरतो, तशी तीही सावरली. पण त्या रात्री फोनवर मला हे कुठे ठाऊक होतं?

आता ते ‘मंद आचेवर’. कच्च्यापेक्षा वाईट काय असेल तर हे. पाणी उकळलंच नाही, 80 अंशांच्या आसपास घुटमळत राहिलं, तर दाणा कच्च्याच्या पाचपटपर्यंत विषारी होऊ शकतो, असं तेच पुस्तक सांगतं. परदेशात स्लो कुकरमध्ये शिजवलेल्या राजम्याने लोक आजारी पडले ते यामुळेच. आपल्याकडची कितीतरी पोरं आता तिकडे आहेत आणि हा फॉरवर्ड त्यांच्याकडेही पोचला असणार. हे काही नव्याने कळलेलंही नाही. 1976 मध्ये इंग्लंडमध्ये सहलीला गेलेल्या शाळकरी मुलांनी नुसता भिजवलेला राजमा खाल्ला आणि आजारी पडली.

राहिली ‘प्रथिनं जळतात’ ही गोष्ट. कुकरात पाणी असतं, आतली वाफ 120 अंशांच्या आसपास जाते. जळायला तळ कोरडा पडावा लागतो. उष्णतेने प्रथिनांची घडी मोडते, ती पचायला सोपी होतात, आणि हे विषही प्रथिनच असल्यामुळे त्याचीही घडी मोडते. म्हणून तर शिजवायचं! निदान 5 तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात खळखळून अर्धा तास उकळा, किंवा कुकरात दाणा बोटांत चिरडेपर्यंत शिट्ट्या काढा.

बरं, मोडाचे मूग-मटकी आम्हीही कोशिंबिरीत कच्चे घालतो, हे मान्य. म्हणून मुगाचा न्याय घेवड्याला लावायचा? नावं एका यादीत आली म्हणून स्वभाव एक होत नाही.

दुसरा नियम वाचून तर हसावं की रडावं कळेना. क्रमांक 2 : ‘तांदळाला बोरिक पावडर चोळून ठेवा, वर्षभर किडा लागत नाही.’ क्रमांक 5 : ‘तांदूळ कधीही धुऊ नका, जीवनसत्त्वं जातात.’ लिहिणाऱ्याने स्वतःचे नियम ओळीने एकदा तरी वाचले असते! झुरळांच्या गोळ्या ज्या पावडरीच्या करतात ती तांदळाला लावायची आणि न धुता आधणात टाकायची. बोरिक आपल्या घरांत लावतात हे मला माहीत आहे, माझ्या सासूबाईही लावायच्या. पण त्या चार पाण्यांनी तांदूळ धुवायच्या, पाणी नितळ येईपर्यंत. धुताना थोडं ब जीवनसत्त्व जातं, ही अर्धी गोष्ट खरी. जाऊ दे की. डाळीतून, मोडांतून मिळतं. मला विचाराल तर बोरिक नकोच. कडक ऊन द्या, डबा कोरडा ठेवा, तूरडाळीला एरंडेलाचा हात लावा आणि शिजवण्याआधी गरम पाण्याने धुवा.

आणखी एका नियमात ‘धान्याच्या गोळ्या’ कोठीत टाकायला सांगितल्यात. त्या गोळ्या बहुधा अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने मरतात. गोदामात प्रशिक्षित माणसाने वापरायची वस्तू ती, तीन मुलींच्या स्वयंपाकघरातली नाही. यावर वाद घालायची माझी तयारी नाही.

बाकीचे भराभर. ‘सहा महिन्यांनी तांदूळ मेलेला असतो’ : मग लग्नाचे आचारी जुना तांदूळ मागून का घेतात? नवा चिकट होतो, जुना मोकळा शिजतो. मोदकाच्या उकडीला नवा घ्या. ‘बाजरी एकदम दळून महिनाभर पीठ वापरा’ : लिहिणाऱ्याने बाजरीची भाकरी बहुतेक फोटोतच पाहिली आहे. ते पीठ चार-आठ दिवसांत कडवट होतं. ज्वारीचं कडू नाही झालं तरी विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते, मग भाकरी थापताना तुटते. थोडं थोडंच दळा.

एक नियम मात्र खरा निघाला, नाइलाजाने लिहिते : ‘चिंच, आमसूल डाळ शिजल्यावरच घाला.’ आंबट आधी पडलं की दाणा मऊ व्हायला वेळ लागतो. शंभरदा चुकणाऱ्या घड्याळालाही कधीतरी बरोबर वेळ दाखवता येते.

फॉरवर्ड पाठवणाऱ्या आमच्या काकूंना हे सगळं ग्रुपवरच लिहून पाठवलं. त्यांनी अंगठा दिला आणि वर लिहिलं, “पण आजीचे अनुभव खोटे नसतात गं.” माझी आजी घेवड्याची उसळ करायची तेव्हा चुलीवर सकाळपासून पातेलं रटरटत असायचं. तो अनुभव कुणी फॉरवर्ड केला नाही.

भाचीने काल फोटो पाठवला : मुगाची खिचडी, खालून लागलेली, वर कुरडईचा तुकडा. घेवड्याचा डबा तिने गॅलरीत ठेवलाय म्हणे. म्हटलं, आत आण, शनिवारी व्हिडिओ कॉल कर, शिट्ट्या मी मोजते.