बर्फावरचा वखर आणि काळ्या मातीतली पाणंद

सध्या परभणी आणि हिंगोलीकडच्या गावांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक चित्रफीत फिरत आहे. तीत पट्ट्यांवर चालणारे एक अवजड यंत्र रात्रीच्या वेळी बर्फाच्या वाटेवरून मागे काहीतरी ओढत जाते आणि त्याच्यामागे आरशासारखी सपाट वाट उमटत जाते. सोबतचा मराठी मजकूर थोडक्यात असा आहे: कॅनडात एक माणूस एका रात्रीत असा रस्ता करतो, त्याला ना मुरूम लागतो, ना रोलर, ना नाली, आपणही ट्रॅक्टरमागे लोखंडी गर्डर बांधून मे महिन्यात पाणंदीवर जोरात फिरवला, तर एका दिवसात रस्ता तयार होईल आणि लगेच गाड्या घालता येतील, बाकी सगळे ठेकेदारांनी काढलेले खूळ आहे, आणि हे काम कोणताही ट्रॅक्टरवाला करू शकतो.

चित्रफीत खरी वाटते आणि तिच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मजकुराविषयी, कारण आमच्या शिवारात त्याच्या भरवशावर डिझेलची वर्गणी जमू लागली आहे आणि एका दाव्यामागे दुसरा दावा इतक्या सहज जोडला गेला आहे की वाचणाऱ्याला थांबून विचार करायला जागाच उरत नाही.

चित्रफितीत दिसते ती स्नोमोबाइलची वाट आहे. कॅनडा आणि अमेरिकेतल्या क्युबेक, ऑन्टॅरिओ, मिनेसोटा, विस्कॉन्सिन अशा प्रदेशांत हिवाळ्यात बर्फावरून धावणाऱ्या या गाड्यांसाठी वाटांची मोठी जाळी राखली जातात आणि त्यांतले पुष्कळसे काम स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक करतात. एकट्या क्युबेकमधले जाळे तीस हजार किलोमीटरांहून मोठे आहे. गाड्या सतत वेग घेत आणि ब्रेक लावत धावल्या की बर्फावर एकामागोमाग एक उंचवटे आणि खड्डे तयार होतात. आपल्याकडे उसाच्या ट्रॉल्यांनी मुरमाच्या रस्त्यावर ज्या आडव्या लाटा पडतात, त्यांचेच ते भावंड आहे. हे यंत्र वरचे उंचवटे खरवडून खड्ड्यांत ढकलते, एवढेच संदेश लिहिणाऱ्याने पाहिले. प्रत्यक्षात मागे ओढल्या जाणाऱ्या सांगाड्यात अनेक पाती तिरकी बसवलेली असतात आणि ती खड्ड्याच्या तळापर्यंत कापत जातात. कापलेला बर्फ सांगाड्याच्या आत घोळला जातो, त्यातली हवा निघते, स्फटिक मोडतात, आणि शेवटी मागची रुंद तळी तो दाबून बसवते. म्हणजे पुढे वखराची पास आणि मागे मैंद, म्हणजे रान सपाट करणारी फळी, असे ते एकत्र अवजार आहे. नुसते उंचवटे खरवडून खड्डे सैल बर्फाने भरले, तर पहिल्या काही गाड्यांतच ते पुन्हा त्याच जागी उघडे पडतात. तिकडेही सुरुवातीच्या काळात लोकांनी जुन्या पलंगाच्या स्प्रिंगची जाळी मागे बांधून ओढून पाहिली होती, पुढे ती सोडून पात्यांचे सांगाडे वापरात आले. आपला संदेश त्या पलंगाच्या जाळीपाशीच थांबलेला आहे.

‘जोरात फिरवला’ या शब्दांना फार वेळ देण्याची गरज नाही. ज्या कामाचा दाखला दिला आहे ते काम ताशी सुमारे 8 ते 11 किलोमीटर वेगाने, म्हणजे सायकलपेक्षाही हळू केले जाते, कारण वेग वाढला की सांगाडा उड्या मारू लागतो आणि ज्या लाटा मोडायच्या त्याच नव्याने कोरत जातो. ट्रॅक्टरमागचा गर्डर याला अपवाद नाही.

मुख्य चूक ‘मे महिन्यात’ या दोन शब्दांत आहे. बर्फाची वाट यंत्राने अर्धीच होते, उरलेली अर्धी थंडी करते. मोडलेले, दाबलेले स्फटिक गारठ्यात एकमेकांना धरतात आणि थर कडक होतो. म्हणून हे काम बहुधा रात्री करतात, जेव्हा तापमान उतरत असते आणि वाहतूकही तुरळक असते. दुपारी बर्फ वितळू लागला असताना यंत्र फिरवणे म्हणजे डिझेल जाळणे आहे, हे तिथला चालक जाणतो. आता आपल्या मातीकडे पाहू. मराठवाड्यातली काळी माती ही बेसाल्ट खडक झिजून झालेली, मॉन्टमोरिलोनाइट या चिकणखनिजाने भरलेली माती आहे. या खनिजाच्या थरांमध्ये पाणी शिरले की ती फुगते आणि पाणी गेले की आकसते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच कारणाने. बर्फातले पाणी गोठून कणांना बांधते, तर काळ्या मातीत जास्त झालेले पाणी कणांना सुटे करते आणि अगदी कमी झालेले पाणी त्यांना एकमेकांजवळ बसू देत नाही. एका पदार्थावर जमलेली युक्ती दुसऱ्यावर उचलून लावताना हा फरक आधी पाहायला हवा होता.

मे महिन्यात, माती पार कोरडी असताना गर्डर फिरवला की ढेकळे फुटून भुगा होतो आणि तो भुगा भेगांत भरतो. वाट चार दिवस सुरेख दिसते, छायाचित्रही चांगले येते, पण त्या भुग्याला दाबून बसवणारी ओल मातीत नसते. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीला त्या भुग्याचा चिखल होतो, आणि भेगांत अडकलेली माती फुगायला जागा न मिळाल्याने वर उचलली जाते. ज्या शेतकऱ्याला वखरपाळी केव्हा घालायची हे कोणी शिकवावे लागत नाही, त्याला ही गोष्ट सांगायची गरज पडू नये. आपण रान वाफशावर धरतो. मूठभर माती दाबली तर गोळा होतो, तो खाली टाकला तर फुटतो आणि हाताला चिकटत नाही, असा तो वाफसा. रस्त्याचे शास्त्रही नेमके हेच म्हणते. कॅलिफोर्नियातले अभियंता आर. आर. प्रॉक्टर यांनी 1933 मध्ये दाखवून दिले की कोणतीही माती एका ठराविक ओलीवरच सर्वांत घट्ट बसते. ओल त्याहून कमी असली तर कण घासतात, जास्त असली तर मधल्या जागा पाणीच अडवून धरते. आज कोणत्याही रस्त्याच्या भरावाची चाचणी त्यांच्या नावाने होते.

त्याच्याही आधीचा एक दाखला संदेशकर्त्यांना आवडावा, कारण तो त्यांच्या बाजूने जाता जाता विरुद्ध बाजूला वळतो. मिसुरीतले शेतकरी डी. वॉर्ड किंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाकडाचा ओंडका मधोमध चिरून, दोन्ही फाळक्या एकमेकांमागे जोडून घोड्यांनी ओढायचे एक साधे अवजार लोकप्रिय केले. मातीचे रस्ते राखण्यासाठी ते इतके उपयोगी ठरले की अमेरिकेच्या कृषी खात्याने 1908 मध्ये त्यावर शेतकऱ्यांसाठी पुस्तिका काढली. मुरूम नाही, रोलर नाही, फक्त ओढणे, असे ते खरोखरच होते. पण किंग यांच्या पद्धतीचा प्राण दोन गोष्टींत होता: ओढायचे ते पावसानंतर, माती ओली पण चिकटत नसताना, आणि ओंडका तिरका धरून, जेणेकरून दर फेरीला थोडी माती कडेकडून मध्याकडे सरकेल. कोरड्या रस्त्यावर, सरळ आडवा, एकदाच फिरवायचा गर्डर या दोन्ही गोष्टींच्या उलट आहे.

‘लगेच गाड्या घालता येतील’ हा दावा तर चित्रफितीच्याच विरोधात जातो. बर्फाच्या वाटेला यंत्र गेल्यानंतर कडक व्हायला निदान दोनेक तास, आणि हवामानाप्रमाणे जवळजवळ रात्रभर लागते. त्याआधी गाड्या गेल्या तर सगळी मेहनत वाया जाते. बर्फ वितळू लागला की क्लब वाटा बंदही करतात. आपल्याकडे पाणंद बंद ठेवणे हा शब्दच कोणाला मानवत नाही. ओल्या पाणंदीत एक भरलेली ट्रॉली चाकोरी पाडते, दुसरी त्याच चाकोरीत आस टेकवते आणि तिसरी बाजूच्या सोयाबीनमधून वाट काढते, मग पुढची दोन वर्षे त्या दोन घरांत बोलणे बंद असते. मोठा पाऊस झाल्यावर दोन-तीन दिवस जड वाहन न घालण्याचा ठराव गावाने केला, तर तो कोणत्याही गर्डरपेक्षा जास्त काम करील.

आता नाली आणि मुरूम. ठेकेदारांविषयीचा राग मला समजतो. मुरमाच्या नावाखाली पिवळट माती ओतून रोलरचे तोंडही न दाखवलेल्या पाणंदी आमच्याही तालुक्यात आहेत. पण वाईट काम झाले म्हणून ते कामच अनावश्यक ठरत नाही. हिशोब अगदी साधा आहे. 3 मीटर रुंद आणि 1 किलोमीटर लांब पाणंदीवर 25 मिलिमीटर पाऊस पडला, तर फक्त त्या पट्टीवर 75,000 लिटर पाणी पडते, म्हणजे पाच हजार लिटरचे पंधरा टँकर. शेजारच्या रानातून उतरणारे पाणी यात धरलेलेच नाही, आणि पाणंद रानापेक्षा खाली असली की तेही इथेच येते. बहुतेक जुन्या पाणंदी खाली आहेत, कारण पिढ्यान् पिढ्या त्यांतली माती चाकांनी, पाण्याने आणि असल्याच खरवडण्याने बाहेर गेली आहे. दर वर्षी गर्डरने दोन बोटे माती कडेला सारली, तर कडेला बांधासारखा वरंबा होतो, पाणी बाहेर पडायची वाट बंद होते आणि काही वर्षांत पाणंदीचा ओढा होतो. ओढा सपाट असला तरी तो ओढाच.

म्हणून मधला भाग उंच आणि दोन्ही कडांना उतार हवा. मुरमाच्या रस्त्याला साधारण 4 टक्के उतार धरतात. 3 मीटर रुंदीत तो मध्यापासून कडेपर्यंत 6 सेंटिमीटर होतो, म्हणजे जेमतेम तीन-साडेतीन बोटे. एवढ्या साध्या उतारानेही पाणी थांबत नाही, मात्र ते पुढे जाण्यासाठी कडेला नाली आणि त्या नालीला ओढ्यापर्यंत तोंड लागते. गंमत अशी की ज्या बर्फाच्या वाटांचा दाखला देऊन नाली नको म्हटले आहे, त्या वाटांची खरी तयारी बर्फ पडण्याआधीच होते: फांद्या छाटणे, दगड काढणे, पाण्याचा निचरा करणे आणि ओढ्यांवरचे साकव दुरुस्त करणे ही कामे उन्हाळ्यात आणि शरदात उरकून घेतात. चित्रफीत रात्रीची असल्याने ती कामे त्यात दिसली नाहीत, इतकेच.

मुरूम का लागतो, हेही यातूनच येते. काळ्या मातीवर चाकाचा भार थेट पडू नये, तो पसरून खाली जावा, आणि वरून पाणी मुरू नये, यासाठी वेगळ्या जातीचा थर हवा असतो. 8 ते 10 टनी रोलरने एका वेळी दाबून साधारण 15 सेंटिमीटरचा थर नीट बसतो; त्याहून जाड थर एकदम ओतला तर वरचा भाग कडक दिसतो आणि खालचा पोकळ राहतो. तेवढ्या थराला किलोमीटरला बसलेला मुरूम 450 घनमीटर, म्हणजे सुमारे 160 ब्रास लागतो आणि सैल मापाने त्याहून बराच जास्त. मुरमाचे हायवा डंपर मोजणाऱ्याने हा आकडा डोक्यात ठेवावा, ठेकेदारावर अंकुश तिथून सुरू होतो. दुसरा अंकुश हाताने लावता येतो: मुरमातला बारीक भाग ओला करून तळव्यावर वळावा, त्याची सुतळीसारखी बारीक, लांब वात सहज वळली तर तो मुरूम नसून मातीच आहे, आणि अजिबातच गोळा झाला नाही तर तो बांधून बसणार नाही. जेसीबीच्या चाकांनी रोलरचे काम भागत नाही, कारण चाक जिथून जाते तेवढीच पट्टी दबते. रोलरसोबत पाण्याचा टँकर हवा. उन्हाळ्यात मुरूम टाकायचाच असेल, तर वाफसा टँकरने आणावा लागतो.

नाली कुठे काढायची हा प्रश्न मात्र अभियंत्याचा नसून बांधाचा आहे. हद्द ठरल्याशिवाय नाली खोदली की तंटा ठरलेला असतो. मोजणी, आणि अडवणूक असेल तर तहसीलदारांकडे 1906 च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाखालचा अर्ज, हा कंटाळवाणा मार्ग गर्डरच्या आधी यावा लागतो.

उरला शेवटचा दावा, की हे काम कोणताही ट्रॅक्टरवाला करील. हा दावा सर्वांत घातक आहे. गर्डर साखळीने ट्रॅक्टरच्या वरच्या जोडाला बांधला आणि तो एखाद्या दगडात किंवा जुन्या पुलाच्या कठड्यात अडकला, तर पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर चालकावर उलटतो; ओढायचे ते फक्त खालच्या, आसाच्या पातळीखालच्या ओढदांड्यालाच. मैंदावर उभे राहायची सवय असलेला पोरगा वजनासाठी गर्डरवर उभा केला जातो, तो तर पहिल्या धक्क्याला खाली येतो. पाणंदीच्या आतून कोणाची पाइपलाइन गेली आहे, विजेच्या खांबाची ताणाची तार कुठे जमिनीत शिरते, कठडा नसलेली विहीर कडेपासून किती हातांवर आहे, हे दिवसा चालत जाऊन पाहून खुणा न करता कोणी काम सुरू करू नये. बर्फावरचा चालकही पिवळा फिरता दिवा लावूनच काम करतो, वळणाच्या किंवा चढाच्या आड यंत्र उभे करत नाही, आणि गोठलेल्या तळ्यावर बर्फाच्या जाडीची खात्री असल्याशिवाय जात नाही. आपल्या पाणंदीवर संध्याकाळी काम अर्धवट टाकून गर्डर वाटेतच सोडून देतात आणि रात्री मोटारसायकलवाला त्यावर जातो.

गर्डर सरसकट निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. मुरूम नीट बसलेल्या, उतार असलेल्या, नाली वाहत्या पाणंदीवर पडलेल्या लाटा आणि चाकोऱ्या मोडायला तो, किंवा त्याहून बरे म्हणजे तिरके लावता येणारे लोखंडी पाते, स्वस्त आणि चांगले साधन आहे. अट एवढीच की लाटेच्या तळापर्यंत कापावे, माती कडेकडून मध्याकडे आणावी, ओल असताना करावे आणि वरून दाबून घ्यावे. आमच्या वर्गणीतले डिझेल म्हणूनच अजून कॅनमध्ये आहे. या मे महिन्यात त्यातले थोडे नालीची तोंडे मोकळी करायला वापरायचे ठरले आहे. उरलेले डिझेल वापरायचे ते सोयाबीन निघाल्यावर, ऑक्टोबरात पाऊस परतून जाईल आणि पाणंदीतली मूठभर माती दाबली असता गोळा होईल, त्या दिवशी.