मशीनवर ‘हात बसतो’ म्हणणाऱ्यांसाठी

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि मोबाईलवर पैसे लावून खेळायच्या सगळ्या खेळांवर एका फटक्यात बंदी आली. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, पैसे लागले की बंद, असं त्यात सरळ म्हटलंय. रमीवाले, फँटसी क्रिकेटवाले सगळे एका रांगेत. तो कायदा बरा की वाईट हा वेगळा विषय आहे. पण तेव्हापासून आमच्या कोल्हापूरच्या मित्रमंडळींत एक वाक्य वारंवार ऐकू येतंय: ‘ॲप गेलं तर गेलं, गोव्याला जाऊ. तिथल्या मशीनवर एकदा हात बसला की पैसे सुटतात.’

मी संख्याशास्त्र शिकवतो आणि हे ‘हात बसला की’ ऐकून मला गप्प बसवत नाही. जुगार पाप आहे वगैरे सांगायला मी आलेलो नाही, ज्याचे पैसे त्याची मर्जी. पण स्लॉट मशीनवर (पैसे लावून चिन्हांची चाकं फिरवायची, रेषेवर चिन्हं जुळली की पैसे, असं मशीन) हात बसत नाही. तो बसतोय असं तुम्हाला वाटावं म्हणून ते मशीन विचारपूर्वक तसं बनवलेलं असतं. आणि हे माहीत नसलेली पोरं पगार घेऊन तिथं बसतात, याचा मला मनापासून त्रास होतो.

पणजीतल्या एका हॉटेलच्या कॅसिनोत मी निपाणीकडच्या एका तरुणाच्या मागे बराच वेळ उभा होतो. त्याचा अंगठा स्टॉपच्या बटणावर टेकलेला. पहिली दोन चाकं तो तशीच थांबू द्यायचा. तिसऱ्या चाकावर डोळे लावायचा आणि लाल सात खाली येताना दिसला की खट्कन बटण दाबायचा. सात थांबायचा तो रेषेच्या बरोबर एक घर वर. एकदा झालं, दोनदा झालं, परत तेच. माझ्याकडे वळून म्हणाला, ‘बघितलासा का सर, एका घरानं हुकलं. जरा टायमिंग बसू दे.’ त्याच्या आवाजात अभ्यास करणाऱ्या पोराची जिद्द होती, म्हणून मला तो प्रसंग विसरता येत नाही.

आता त्या एका घराची गोष्ट. हल्लीच्या स्लॉट मशीनमध्ये आत एक प्रोग्रॅम सेकंदाला शेकडो आकडे सतत पाडत असतो. तुम्ही स्पिन दाबलं त्या क्षणी जो आकडा पडला, त्यावर निकाल लागून मोकळा झालेला असतो. पडद्यावर चाकं फिरतात ती फक्त दाखवायला. स्टॉप दाबलं की फिरणं लवकर संपतं, निकालात काडीचाही फरक पडत नाही. म्हणजे तो पोरगा नेम धरत होता तेव्हा नेम धरण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं. उलट बटण दाबून त्याचा प्रत्येक डाव लवकर संपत होता आणि तासाभरात जास्त डाव होत होते. तेवढाच कॅसिनोचा फायदा.

मग सात नेमका एक घर वरच का थांबतो? याचं उत्तर १९८४ च्या एका अमेरिकन पेटंटमध्ये आहे. इंगे टेलनेस नावाच्या माणसाचं. जुन्या यांत्रिक मशीनमध्ये चाकावर समजा २२ घरं असली आणि जॅकपॉटचं चिन्ह एकच असलं, तर तिन्ही चाकांवर ते जुळायची शक्यता १०,६४८ मध्ये एक. टेलनेसने काय केलं, की डोळ्यांना दिसणाऱ्या २२ घरांच्या मागे संगणकात समजा ६४ घरांचं अदृश्य चाक ठेवलं. जॅकपॉटला त्यातलं एकच घर दिलं, तर शक्यता होते २,६२,१४४ मध्ये एक. समोरचं चाक मात्र तेच, २२ घरांचं. उरलेली अदृश्य घरं कुठल्या चिन्हाला किती वाटायची हे बनवणाऱ्याच्या हातात. जॅकपॉटच्या लगतच्या रिकाम्या घरांना ती जास्त दिली, की सात सारखा रेषेच्या वर नाहीतर खाली दिसत राहतो. ‘थोडक्यात हुकलं’ हा अनुभव असा गणिताने तयार होतो. १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत नेवाडा राज्यात यावर मोठा वाद झाला. हरल्यावर मुद्दाम दुसरा प्रोग्रॅम चालवून ‘थोडक्यात हुकल्याचं’ चित्र दाखवणारी मशीनं तिथे बंद पाडली. अदृश्य चाकाची पद्धत मात्र चालू राहिली.

एलेन लँगर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ मध्येच दाखवून दिलं होतं की निव्वळ नशिबाच्या गोष्टीत निवड करायला मिळाली, हाताला काही काम मिळालं, की माणसाला आपला ताबा आहे असं वाटू लागतं. लॉटरीचं तिकीट स्वतः निवडलेलं असलं तर लोक ते विकायला कितीतरी जास्त किंमत मागत होते. स्टॉपचं बटण हे तेच काम करतं. इलेक्ट्रॉनिक रूलेटवर, म्हणजे चेंडू कुठल्या आकड्याच्या घरात थांबतो यावर पैसे लावायच्या चाकावर, आधीच्या निकालांची पाटी असते, ‘गरम’ आकडे, ‘थंड’ आकडे, तीही त्यासाठीच. एका शून्याच्या रूलेटमध्ये ३७ घरं असतात आणि मागच्या पन्नास डावांत काय आलं याची पुढच्या डावाला गंधवार्ता नसते. तरी लोक वही घेऊन बसतात.

कौशल्य लागणारी मशीनं जगात नाहीतच, असं मात्र मी म्हणणार नाही. पिनबॉल घ्या, दांड्यांनी चेंडू उडवत ठेवायचा मशीनवरचा खेळ. न्यूयॉर्कमध्ये १९४२ पासून जुगार म्हणून त्यावर बंदी होती. १९७६ मध्ये रॉजर शार्प नावाच्या तरुणाने शहराच्या समितीसमोर चेंडू कुठल्या वाटेने जाणार ते आधी सांगितलं आणि तसाच घालवून दाखवला. बंदी उठली. त्या फटक्यात नशिबाचाही हात होता हे त्याने पुढे स्वतःच सांगितलंय, पण तो खेळ खरोखर सरावाने येतो, यात शंका नाही.

जपानच्या पाचिस्लो नावाच्या स्लॉट मशीनमध्ये तर तीन चाकांची तीन बटणं खरी असतात. पण तुम्ही बटण दाबल्यावर चाक १९० मिलिसेकंदांच्या आत थांबायचं असा नियम आहे आणि तेवढ्यात मशीन ते चार घरांपर्यंत पुढे सरकवू शकतं. आतली सोडत आधीच झालेली असते. सोडत लागली नसेल तर कितीही तीक्ष्ण नजरेचा माणूस बसवा, चिन्ह घसरून पुढे जातं. लागली असेल आणि नजर कच्ची असेल तर मिळणारे पैसेही हुकतात. म्हणजे कौशल्य आहे, पण ते न हुकवण्यापुरतं. शिवाय त्या मशीनला परताव्याची १ ते ६ अशी सेटिंग असते आणि कुठल्या मशीनला कुठली सेटिंग ठेवायची ते मालक ठरवतो.

आणि व्हिडिओ पोकर. माझ्या मते या सगळ्या चर्चेतलं सर्वांत महत्त्वाचं मशीन हेच. पाच पत्ते येतात, कुठले ठेवायचे, कुठले टाकायचे ते तुम्ही ठरवता, आणि चांगला खेळाडू खरोखर कमी हरतो. ‘जॅक्स ऑर बेटर’ या प्रकारात फुल हाऊस या पत्त्यांच्या जुळणीला ९ आणि फ्लश या जुळणीला ६ पट मिळत असतील, तर एकही चूक न करणाऱ्याला शंभर रुपयांमागे सरासरी ९९ रुपये ५४ पैसे परत येतात. आता मालकाने त्याच मशीनवर ९ चे ८ आणि ६ चे ५ केले. पत्ते तेच, नियम तेच, तुमचं डोकंही तेच. परतावा ९७ रुपये ३० पैशांवर येतो. तोटा जवळपास सहापट झाला, आणि तो दोन आकडे बदलून झाला. तुम्ही वर्षभर मेहनत करून जेवढं सुधाराल त्यापेक्षा मालक त्या बक्षिसांच्या पाटीवर एका संध्याकाळी जास्त घेऊन जातो.

म्हणून आपल्या कायद्यातला ‘कौशल्य की नशीब’ हा प्रश्न मशीनच्या बाबतीत मला अपुरा वाटतो. आपला मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा, त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला आणि १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींना कौशल्याच्या बाजूला बसवलं. ठीक आहे. पत्त्याची गड्डी आणि घोडा यांच्या आत कुणी प्रोग्रॅम घालू शकत नाही. मशीनमध्ये घालता येतो, आणि १९९५ मध्ये कर्नाटकातल्या व्हिडिओ गेमच्या प्रकरणात याच न्यायालयाने तो धोका ओळखला होता: मशीनमध्ये फेरफार करून खेळणाऱ्याचं कौशल्य निकामी करता येतं, म्हणून परवान्याचं बंधन योग्य. एवढी स्पष्ट गोष्ट तीस वर्षांपूर्वी सांगून झालीय. तरी आजही गावोगावी ‘व्हिडिओ गेम पार्लर’ची पाटी लावून आत पॉइंटवर पैसे लावले जातात, आणि छापा पडला की ‘हा स्किल गेम आहे साहेब’ हेच उत्तर तयार असतं.

महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, कधी लागू केला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द केला. गोव्याने १९९२ मध्ये आपला कायदा बदलून पंचतारांकित हॉटेलांत मशीनं आणली, १९९६ मध्ये बोटींवरच्या कॅसिनोंना वाट दिली, आणि २०२० पासून खुद्द गोवेकरांना कॅसिनोत खेळायला मनाई केली. आपल्या माणसांना जे नको ते शेजाऱ्यांनी खेळावं, असा याचा अर्थ होतो. मशीनसमोर बसतात ते कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, पुण्याचे.

मला बंदी मागायची नाही. ब्रिटनमध्ये मशीनवर परताव्याची टक्केवारी दाखवावी लागते, तेवढं तरी गोवा सरकारने करावं. मराठी, कोकणी, कन्नड आणि हिंदीत, स्पिनच्या बटणाशेजारी, वाचता येईल अशा अक्षरांत. आणि सोबत तासाचा हिशोब. समजा एका डावाला २० रुपये आणि मिनिटाला दहा डाव, म्हणजे तासाला १२,००० रुपये लावले जातात. परतावा ९२ टक्के असेल तर सरासरी ९६० रुपये गेले. खिशात पाच हजार घेऊन आलेल्याला आपण तासाला बारा हजार फिरवतोय याची कल्पनाही नसते. स्टॉप बटणाने निकाल बदलत नसेल तर तेही त्या बटणावरच लिहा.

गोव्यातल्या एखाद्या मशीनवर अशी टक्केवारी छापलेली कुणी पाहिली असेल तर फोटो टाका. मी शोधली, मला कुठे दिसली नाही.